पत्त्यांचें मेज

आमच्या घरीं पत्ते खेळावयाचें एक अष्टकोनी मेज आहे, आणि तें आम्हीं स्वतःच्या हातांनीं केलें आहे, हें प्रथम ऐकणाऱ्याला खरें वाटत नाहीं. ३६ वर्षें मास्तरकी करून मुलांच्या दप्तरांतून निदान डझनभर पत्त्यांचे कॅट जप्त केलेला मनुष्य वयाच्या ६७ व्या वर्षीं करवत हातीं घेतो, आणि तीहि पोकर नांवाच्या परदेशी खेळासाठीं, ही गोष्ट देहूरोडसारख्या ठिकाणीं लपून राहणें शक्यच नव्हतें. येथें एकीकडे लष्कराचें दारूगोळ्याचें कोठार, दुसरीकडे रेल्वे, आणि मधल्या वस्तींत सर्वांना सर्वांचें ठाऊक! शेजाऱ्यांनीं चेष्टा केली. दोघां-तिघांनीं काळजीहि दाखविली. प्रत्येकाला उंबऱ्यावर उभें राहून उत्तर देणें जमलें नाहीं, म्हणून येथें सविस्तर लिहितों.

आम्ही फार शिकलेले नाहीं. जुन्या अकरावीची मॅट्रिक, पुढें शिक्षकाची पदविका, आणि वडिलांपाशीं बसून केलेलें संस्कृत, एवढीच आमची पुंजी. वडिलांच्या घरांत पत्त्यांना बंदी असे. परंतु दिवाळींत व कोजागिरीच्या रात्रीं ती न बोलतां उठे. आमच्या मातुश्री मेंढीकोटांत मोठमोठ्यांना हार जात नसत. तीच सवलत आम्हीं आपल्या घरांत चालू ठेविली, आणि नातू पांच वर्षांचा असतां त्याला मांडीवर घेऊन बदाम सात शिकविला. तेव्हां पुढें जें घडलें, त्यांतली पहिली उतारी आमचीच होती, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

२०२५ सालच्या जून महिन्यांत, तुकोबांची पालखी देहूहून निघाली त्याच आठवड्यांत, तें उघडकीस आलें. नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत जावयाचा होता. शुल्काचे म्हणून त्याच्या खात्यांत ठेविलेले ४२,००० रुपये खात्यांत नव्हते. वर्षभर फोनवर पोकर खेळून त्यानें ते थोडेथोडे करून घालविले होते. चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यांत पाळीनें काम करतात. तो पैसा जादा पाळ्यांचा होता. ते रागावले असते तर बरें झालें असतें. ते कांहींच बोलले नाहींत, आणि त्या दिवसापासून मुलाशीं बोलेनासे झाले.

आम्हीं नातवाला एकट्याला गांठून विचारिलें, "अरे, इतका बुद्धिमान् मुलगा तूं, तुला हिशेब कळत नव्हता?"

"आजोबा, मी वाईट खेळत नव्हतों," तो म्हणाला. "रात्रीं दहाला मी बरोबर खेळतों. दोन वाजतां खेळणारा तो मी नसतों."

दोन वाजतां! हा शब्द आमच्या मनाला फार लागला. कारण रात्रीं दोनला उठावें लागण्याचें आमचें वय आहे, आणि त्या वर्षांत कितीतरी वेळां आम्हीं त्याच्या दाराखालून उजेड पाहिला होता. मुलगा अभ्यास करीत असेल, असें स्वतःला सांगून आम्ही परत येऊन निजत होतों. अभ्यास चालला म्हणजे खोलींतून पान उलटल्याचा, खुर्ची सरकल्याचा कांहींतरी आवाज येतो. तेथें तो येत नव्हता. जन्मभर वर्ग राखलेल्या माणसाला हें कळत नव्हतें असें म्हणणें लबाडीचें होईल. कळत होतें. दार ठोठावलें नाहीं इतकेंच.

त्यानंतरचे कांहीं दिवस आम्ही जुन्या पोथ्यांत डोकें घालून बसलों. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याचें एक सूक्त आहे. त्यांत तो हरलेला मनुष्य सांगतो कीं, सासू द्वेष करते, बायको जवळ उभें करीत नाहीं, आई मुलाची वाट पाहत झुरते. आणि तरीहि बेहड्याच्या फळांचे ते फांसे पटावर पडल्याचा आवाज आला कीं आपण धांवत सुटतों. शेवटीं सविता त्याला सांगतो, फांसे टाक आणि शेती कर. तीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या माणसांत आणि आमच्या नातवांत अंतर एवढेंच कीं, त्याला सभेपर्यंत चालत तरी जावें लागे. लोक बघत. नातवाला पलंगावरून उठावेंहि लागलें नाहीं.

द्यूताचें करावें काय, याविषयीं आमच्या स्मृतिकारांचेंहि एकमत नाहीं. मनूच्या मतें राजानें तें राज्यांतून साफ काढून टाकावें. कौटिल्य व याज्ञवल्क्य यांचें म्हणणें असें कीं, तें ठरलेल्या जागीं, अधिकाऱ्याच्या नजरेखालीं चालूं द्यावें. त्यांच्या व्यवस्थेंत अड्डा चालविणाऱ्याला सभिक म्हणतात. तो जिंकणाराकडून शेंकडा पांच घेतो. हा नियम आम्हीं तरुणपणीं अनेकदां वाचला होता, पण त्याचा अर्थ कधीं नीट मांडून पाहिला नव्हता. आतां नातवाला जवळ बसवून पाटीवर मांडला.

आठ जण बसले. प्रत्येकाजवळ १०० रुपये, म्हणजे एकूण ८००. दर डावाला प्रत्येकानें एक रुपया लाविला तर मध्यें ८ रुपये जमतात. त्यांतले शेंकडा पांच, म्हणजे ४० पैसे, सभिक उचलतो. कोण जिंकला, कोण हरला, याच्याशीं त्याला कर्तव्य नाहीं. २,००० डाव झाले कीं सगळेच्या सगळे ८०० रुपये त्याच्या पेटींत जातात, आणि आठहि जण, त्यांत कितीहि कुशल खेळाडू असोत, रिकामे उठतात. "फोनवर मिनिटाला एक डाव पडतो," नातू म्हणाला. म्हणजे पुरते ३४ तासहि लागत नाहींत. मुलगा बराच वेळ त्या ४० पैशांच्या आंकड्याकडे पाहत राहिला. पोकरांतल्या पांच पानांचे गट किती होतात, तें त्याला तोंडपाठ होतें. आम्हींहि लीलावतींतल्या रीतीनें तें काढून पाहिलें. २५,९८,९६० आले, आणि ते बरोबर होते. पण हा साधा शेंकडेवारीचा हिशेब त्यानें कधीं केला नव्हता.

पुढें ऑगस्टमध्यें संसदेनें कायदा मंजूर केला, आणि कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळावयाचा प्रत्येक ऑनलाइन खेळ बंद ठरला. मनूची सरशी झाली! त्यापूर्वीं आपल्याकडे १८८७ सालचा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा होताच. पण निव्वळ कौशल्याच्या खेळांना तो लागू नाहीं. रमीला सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं कौशल्याचा खेळ ठरविलें. पोकराविषयीं मात्र उच्च न्यायालयांतहि एकवाक्यता झाली नाहीं. गुजरातेंत २०१७ सालीं तो जुगारच ठरला. आम्हांला वाटलें, चला, सरकारनें आपलें काम केलें, घरावरचें संकट गेलें.

पण संकट जातें आणि संवय राहते. फोनवरचा खेळ मिटला तशी नातवाची मित्रमंडळी शनिवारीं कोणाच्या तरी भाड्याच्या खोलींत जमूं लागली. तेथें काय चालतें तें आम्हांला दिसत नव्हतें. एके दिवशीं तो आपण होऊन म्हणाला, "आजोबा, पैसे लावायचे नाहींत असें मी ठरवलंय. पण त्या खोलींत बसलों कीं तें टिकत नाहीं. आपल्या घरीं खेळलों तर चालेल?"

या प्रश्नाला उत्तर देण्यासाठीं आम्हांला चार दिवस लागले. आमच्या कुटुंबानें संमति दिली. "अहो, डोळ्यांसमोर राहील तें बरं," एवढेंच तिचें म्हणणें. चिरंजीवांच्या कानावर घातलें, तेव्हां जेवतां जेवतां त्यांनीं वर न पाहतां म्हटलें, "बाबा, धृतराष्ट्रानेंहि मुलासाठीं सभाच बांधली होती."

घांस हातांत राहिला. सभापर्व आम्हींच त्यांना लहानपणीं सांगितलेलें. हजार खांबांची, शंभर दारांची ती सभा, मुलावरच्या आंधळ्या मायेपोटीं बांधलेली! त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. आपण तेंच करीत आहों काय? मग तोच प्रसंग पुन्हां पुन्हां मनांत आणतां एक गोष्ट उमगली. त्या सभेंत सर्व वडील मंडळी हजर होती. भीष्म होते, द्रोण होते, राजा स्वतः होता. आणि विदुरावांचून ज्येष्ठांपैकीं कोणीं वेळेवर तोंड उघडलें नाहीं. नाश सभेच्या खांबांनीं केला नाहीं, त्यांच्या गप्प बसण्यानें केला. दाराखालचा उजेड पाहून परत फिरणारे आम्ही त्यांच्याच पंक्तींतले. तेव्हां मेज करावयाचें, पण त्याच्या एका बाजूला आम्हीं स्वतः बसावयाचें आणि गप्प बसावयाचें नाहीं, असें ठरविलें.

पोकराचें तयार मेज मिळतें, पण त्याची किंमत ऐकून आम्हीं तो विषय सोडला. शिवाय मुलाचे हात कामाला लागावे असाहि हेतु होता. लांकडाची आमच्या भागांत वाण नाहीं. चाकण-तळवड्याच्या कारखान्यांत परदेशची यंत्रें ज्या खोक्यांतून येतात, तीं पाइनच्या लांकडाचीं असतात, आणि भंगारवाल्यांकडे त्यांच्या पट्ट्या स्वस्तांत मिळतात. मात्र घेतांना शिक्का पाहावा. गव्हाच्या लोंबीच्या चित्राशेजारीं 'एचटी' अशीं अक्षरें असलीं तर तें लांकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलें असतें. 'एमबी' असलीं तर त्याला मेथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, तें घरांत आणूं नये. याखेरीज ८ फूट बाय ४ फुटांची, १८ मिलिमीटर जाड प्लायवुडची एक शीट घेतली. तिचे दोन चौरस झाले. एक वरच्या पृष्ठासाठीं, दुसऱ्यांतून खालचे आधार. दुमडतां येणारे लोखंडी पाय विकत आणले, कारण आमचें दिवाणखान्याचें वैभव १० फूट बाय ११ फुटांचें आहे.

आठ माणसें बसावयाचीं म्हणून मेज अष्टकोनी. चौरसाचा अष्टकोन करण्याची जुनी रीत वाचकांपैकीं कोणास हवी असल्यास सांगतों. चौरसाच्या कोपऱ्यावर खिळा ठोकावा, त्याला चौरसाच्या मध्यापर्यंत पोहोंचेल एवढी दोरी बांधावी, आणि ती फिरवून दोन्ही बाजूंवर खुणा कराव्यात. चारी कोपऱ्यांवर असें केलें कीं आठ खुणा मिळतात; त्या जोडल्या कीं अष्टकोन. दोरी किती लांब, हें बौधायनाच्या शुल्बसूत्रांतल्या कर्णाच्या नियमानें आम्हीं तोंडींच काढलें. बाजूंत तिचा तिसरा हिस्सा मिळवावा, त्या हिश्शाचा चौथा मिळवावा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा वजा करावा. बाजू ४८ इंच. म्हणून ४८, १६ आणि ४ मिळून ६८, वजा इंचाच्या आठव्या भागाहून किंचित् कमी. त्याचें अर्धें सुमारें ३४ इंच. नातवानें फोनवर ताडून पाहिलें. केंसभरहि फरक निघाला नाहीं. यज्ञवेदीसाठीं सांगितलेला नियम आपण पत्त्यांच्या मेजाला लावीत आहों, याची मनाला थोडी लाज वाटली, पण आनंदहि झाला. प्रत्येक बाजू जवळजवळ २० इंचांची आली.

येथवर आमची विद्वत्ता चालली, आणि पुढच्याच पायरीवर ती तोंडघशीं पडली. मेजाच्या कडेला ४ इंच रुंद पट्ट्यांचा एक कठडा लागतो, खेळणाऱ्याला कोंपरें टेंकण्यासाठीं. आठ पट्ट्या, आठ सांधे. वर्तुळाचे ३६० अंश, भागिले आठ, म्हणजे ४५. असा उघड हिशेब करून आम्हीं पट्ट्यांचीं टोंकें ४५ अंशांत कापलीं. चार पट्ट्या कापून जमिनीवर जुळविल्या, तों अष्टकोनाच्या जागीं तसबिरीच्या चौकटीसारखा नीट चौकोन तयार झाला! ३६ वर्षें भूमिति शिकविलेल्या माणसाची ती फजिती पाहून नातू प्रथमच, दोन-अडीच महिन्यांनंतर, मोठ्यानें हंसला. तेवढ्यासाठीं चार पट्ट्या गेल्या याचें आम्हांस दुःख नाहीं.

शेवटीं वस्तींतल्या एका सुताराला बोलाविलें. तो आमचा जुना विद्यार्थी. सातवींत असतां मागच्या बांकावर तीनपत्ती खेळतांना आम्हीं त्याला पकडून त्याचा कॅट फाडला होता. मेज पाहून तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं, मग म्हणाला, "गुरुजी, त्यातला बदामाचा राजा माझ्या खिशात राहिला होता." आम्हीं त्याची त्या जुन्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. तो संकोचला आणि घाईघाईनें गुण्या काढून कोन मोजूं लागला. "कोपरा पंचेचाळीसाचा खरा, गुरुजी, पण तो दोघांच्यात आहे. दोघांनी निम्मा-निम्मा घ्यायचा."

म्हणजे साडेबावीस. प्रत्येक पट्टी आपल्या टोंकाचे साडेबावीस अंश सोडते, शेजारची तिचे साडेबावीस, आणि सांधा मिटतो. आठ सांध्यांना १६ काप. प्रत्येकांत एकेकच अंशाची चूक झाली तरी शेवटच्या सांध्यापाशीं १६ अंशांची फट उभी राहते. चूक पहिल्या कापांत असते आणि दिसते ती शेवटच्या फटींत. सुतारानें करवतीसाठीं साडेबावीसाचा सांचा करून दिला, आणि मग मुलानें आठहि पट्ट्या स्वतः कापल्या. बाहेरून २० इंच, आंतून साडेसोळा. शेवटच्या सांध्यांत नखभर फट राहिली. तिच्यांत भुसा आणि फेव्हिकॉल भरला. ती अजून दिसते.

त्यानंतरचें काम हलकें होतें. प्लायवुडवर अर्ध्या इंचाचा घट्ट फोम आणि त्यावर हिरवी बनात. नुसत्या सनमायक्यावर किंवा कांचेवर पान पडलें कीं तें चिकटून बसतें. उचलतां उचलतां शेजाऱ्याला दिसतें. बनातीवर तें सरकतेंहि बरोबर, आणि खालचा फोम बोटाखालीं दबत असल्यामुळें कडेनें अलगद उचलतांहि येतें. बनात ताणतांना कोपऱ्यांपासून आरंभ करूं नये. समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यापासून करावा, आणि दर दोन इंचांवर खालून स्टेपल मारावे. आम्हीं प्रथम कोपरे धरले आणि मध्यें सुरकुती पडली. सर्व उकलून पुन्हां करावें लागलें. कठड्यावर फोम घालून काळें रेक्झिन चढविलें. जमिनीपासून उंची ३० इंच ठेविली.

६ ऑक्टोबरला कोजागिरी होती. त्या रात्रीं जागावें, आणि जागतांना अक्षक्रीडा करावी, असें शास्त्रच सांगतें. तेव्हां मुहूर्त शोधावा लागला नाहीं. नियम आम्हीं कागदावर लिहून भिंतीला लाविले होते. पैसे नाहींत, चिंचोका म्हणजे एक, गजगा म्हणजे पांच, कवडी म्हणजे पंचवीस. घराचा वांटा नाहीं, म्हणजे येथें सभिक कोणी नाहीं. फोन दुसऱ्या खोलींत. बाराचे ठोके पडले कीं दूध, आणि दूध झालें कीं डाव बंद, कोणी कितीहि हरत असो. मित्र पांच आले. नातू आणि आम्ही धरून सात.

खेळ आम्हांला आवडला, हें सांगण्यांत संकोच नाहीं. प्रत्येकाला दोन पानें झांकलेलीं, पांच मध्यें उघडीं. त्या सातांतून उत्तम पांचांचा गट जुळवावयाचा. पण खरा खेळ पानांत नाहींच, समोरच्याच्या चेहऱ्यांत आहे. हातांत कांहीं नसतां एक मुलगा कवड्या पुढें सरकवी, तेव्हां त्याचा कान तांबडा होई. नातू म्हणाला, "आजोबा, फोनवर कुणाला कानच नव्हते." आम्ही तिसऱ्या डावांतच सर्व कवड्या हरलों आणि चिंचोक्यांवर आलों.

अकराच्या सुमारास चिरंजीव दुसऱ्या पाळीहून लवकर सुटून आले. दारांत उभे राहून त्यांनीं भिंतीवरचा कागद वाचला, मेजावरून हात फिरविला, आणि ज्या सांध्यांत भुसा भरला होता तेथें त्यांचें बोट थांबलें. आठवी खुर्ची रिकामी होती. आम्हीं कांहींतरी बोलावें म्हणून तोंड उघडलें, पण तेवढ्यांत नातवानें पानें पिसून त्यांच्यापुढें ठेवलीं आणि म्हणाला, "बाबा, काटा." ते बसले. त्यांनीं पानें काटलीं. साडेतीन महिन्यांत त्या दोघांतला तो पहिला व्यवहार. त्या डावांत कोण जिंकलें तें आम्हांस आठवत नाहीं.

मेजाच्या खालच्या आधाराला एक छोटा खण केला आहे, त्यांत कॅट, कवड्या आणि एक वही असते. नातू दहावीच्या दोन मुलांची शिकवणी करतो आणि दरमहा २,००० रुपये वडिलांना देतो. वहींत तो आंकडा लिहिला जातो. ४२,००० फिटावयास २१ महिने लागतील. मागल्या महिन्यांत पैसे द्यावयास त्याला पांच दिवस उशीर झाला. ती तारीख उलटली त्याच संध्याकाळीं आम्हीं त्याचें दार ठोठावलें आणि विचारिलें.